स्त्रियांना बढती मिळाली, कृष्णवर्णीयांनाही मिळाली. मग भेदभाव कोणाशी झाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या कंपनीत विभागप्रमुख आहेत. त्यांच्या हाताखालील एका कृष्णवर्णीय स्त्रीने बढतीत डावलल्याची लेखी तक्रार केली असून तीत वंश आणि लिंग अशी दोन्ही कारणे दिली आहेत. त्यांनी गेल्या काही वर्षांतील बढत्यांची यादी काढून पाहिली, तर तीत स्त्रियाही आहेत आणि कृष्णवर्णीयही आहेत. मग वंशभेद झाला किंवा लिंगभेद झाला असे कशाच्या आधारावर म्हणायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी स्वतः भारतीय, सावळा माणूस, माझ्यावर वंशभेदाचा आरोप कसा होऊ शकतो, ही त्याला जोडून आलेली खंत. आणि शेवटी, जरा संकोचाने विचारलेला दुसरा प्रश्न असा की, स्त्रीवादात वंशाचा मुद्दा आणल्याने स्त्रियांचीच एकजूट फुटत नाही का?

नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींची त्रयस्थ म्हणून चौकशी करणे हा माझा व्यवसाय आहे आणि तो मी अमेरिकेतच बरीच वर्षे करत आहे. कंपनी मला नेमते, मी कागद पाहते, माणसांशी बोलते आणि काय घडले असावे याचा अहवाल देते. मी आपली वकील नाही. त्यामुळे खाली लिहिले आहे ते विचार करण्याची पद्धत म्हणून वाचावे, कायद्याचा सल्ला म्हणून नव्हे. आपले राज्य कोणते, कंपनीत माणसे किती, निर्णय एकाने घेतला की समितीने, आणि त्या पदासाठी निकष आधी लिहून ठेवले होते की नंतर आठवले, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते आणि यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. तरीही आपल्या प्रश्नात एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपण यादी दोनदा वाचली आहे: एकदा स्त्रिया मोजण्यासाठी आणि एकदा कृष्णवर्णीय मोजण्यासाठी. तक्रारदार बाईंची तक्रार मात्र तिसऱ्या वाचनाची आहे. बढती मिळालेल्या स्त्रियांपैकी कृष्णवर्णीय किती आणि बढती मिळालेल्या कृष्णवर्णीयांपैकी स्त्रिया किती, हे तुम्ही मोजलेले नाही. दोन्ही वेळा उत्तर शून्य आले, तर दोन्ही रकाने भरलेले असूनही तक्त्यातील ज्या घरात त्या बाई बसतात ते घर रिकामे आहे.

ही अडचण आपल्याला प्रथमच आलेली नाही. या विषयाचा एक मोठा भाग नेमक्या याच यादीवरून उभा राहिला आहे, म्हणून तो खटला जरा सविस्तर सांगते.

सेंट लुइस येथे जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा कारखाना होता. एमा डीग्राफनरीड आणि आणखी चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी कंपनीवर दावा लावला. नोकरीत वंश, लिंग इत्यादींवरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यापूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना नोकरीच दिली नव्हती. त्या आत आल्या त्या उशिरा. पुढे मंदी आली, नोकरकपात झाली आणि ती सेवाज्येष्ठतेने झाली, म्हणजे जो शेवटी आला तो आधी बाहेर. 1970 नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या त्या कपातीत गेल्या. नियमात वंशाचा उल्लेख नव्हता आणि लिंगाचाही नव्हता. परंतु ज्यांना आधी दारच उघडले नव्हते, त्यांची ज्येष्ठता कमी भरणार हे त्या नियमातच लिहिल्यासारखे होते.

सेंट लुइसच्या संघीय जिल्हा न्यायालयाने 1976 मध्ये काय केले, ते पाहा. लिंगभेदाच्या मुद्द्यावर न्यायालय म्हणाले की, कंपनी कायद्याच्या पूर्वीपासून स्त्रियांना कामावर घेत आली आहे, सबब लिंगभेद नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि त्यांची कामे मुख्यतः कार्यालयातली होती. वंशभेदाच्या मुद्द्यावर न्यायालयाने सुचवले की, याच कंपनीविरुद्ध वंशभेदाचा दुसरा एक दावा चालू आहे, त्यात आपला दावा मिसळावा. वादींनी उत्तर दिले की आमचा दावा केवळ वंशाचा नाही, वंश आणि लिंग या दोन्हींचा मिळून आहे आणि तो तिकडे मिसळला तर त्यातले नेमके तेच नाहीसे होईल. यावर न्यायालयाचे म्हणणे असे पडले की, कायद्याने वंशासाठी एक उपाय दिला आहे आणि लिंगासाठी एक. दोन्ही जोडून नवा महाउपाय निर्माण करण्याची मुभा दिलेली नाही, नाहीतर गणितातल्या क्रमपर्याय आणि संचयांप्रमाणे संरक्षित गटांची संख्या वाढतच जाईल.

हा युक्तिवाद वरवर नीटनेटका वाटतो. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र असा होतो की, कृष्णवर्णीय स्त्रीला कायदा तेवढ्यापुरताच लागू, जेवढ्यापुरता तिचा अनुभव गोऱ्या स्त्रीसारखा किंवा कृष्णवर्णीय पुरुषासारखा असेल. तिच्याच वाट्याला जे येते, ते कोणत्याच खात्यात जमा होत नाही. 1977 मध्ये अपील न्यायालयाने या तर्काशी आपण पूर्णतः सहमत नाही असे नोंदवले, पण सेवाज्येष्ठतेच्या प्रामाणिक पद्धतीला कायद्यातच संरक्षण असल्यामुळे त्या मुद्द्यावर या स्त्रियांच्या पदरी काही पडले नाही. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने 1989 मध्ये हा खटला आणि त्याच्या जोडीचे आणखी दोन खटले पुढे ठेवून जो लेख लिहिला, त्यातून इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे भेदभावाची कारणे एकमेकांना छेदतात ही कल्पना सांगणारी, आज सर्वत्र ऐकू येणारी संज्ञा रूढ झाली. प्रशिक्षणाच्या चकचकीत स्लाइडांवर ती आता इतकी गुळगुळीत झाली आहे, की तिचा जन्म पाच कामगार स्त्रियांच्या कपातीच्या खटल्यातून झाला हे पुष्कळांना ठाऊकही नसते. तो लेख ओळखींची वर्गवारी करण्यासाठी लिहिलेला नव्हता. न्यायालयाची मोजण्याची पद्धत कोठे चुकते, हे दाखवण्यासाठी लिहिला होता.

मोजण्याच्या पद्धतीचाच आणखी एक दाखला देते, कारण आपण संगणक क्षेत्रात आहात असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या बाजारातील प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण अगदी जास्तीत जास्त 0.8 टक्के होते. सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते एका प्रणालीत 34.7 टक्क्यांपर्यंत गेले. एकूण अचूकतेचा आकडा पाहणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. स्त्री-पुरुष आणि उजळ-सावळे अशी चारही घरे वेगळी मांडल्यावरच ते दिसले.

आता आपल्या यादीकडे परत येऊ. आज अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आपला बचाव, म्हणजे स्त्रियांना दिले आणि कृष्णवर्णीयांनाही दिले, हा पुरेसा मानला जात नाही. ह्यूस्टनच्या एका सामाजिक संस्थेतील जेफरीज नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या बढतीच्या खटल्यात पाचव्या परिमंडळाच्या (काही राज्यांचा मिळून केलेला न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले की, कृष्णवर्णीय पुरुषांशी किंवा गोऱ्या स्त्रियांशी भेदभाव झालेला नसतानाही कृष्णवर्णीय स्त्रीशी भेदभाव झालेला असू शकतो. तेथे ती जागा एका कृष्णवर्णीय पुरुषाला मिळाली होती आणि केवळ तेवढ्यावरून प्रश्न संपत नाही असे न्यायालयाचे म्हणणे होते. 1994 मध्ये हवाई विद्यापीठाविरुद्धच्या लाम खटल्यात नवव्या परिमंडळाने हीच गोष्ट आशियाई स्त्रीबद्दल सांगितली: आशियाई स्त्रियांबद्दल काही समज असे असतात की जे आशियाई पुरुषांना लागू होत नाहीत आणि गोऱ्या स्त्रियांनाही होत नाहीत, म्हणून आधी वंश तपासा, मग लिंग तपासा आणि दोन्हीकडे काही आढळले नाही म्हणून फाइल बंद करा, हे चालणार नाही. हा निकाल आपल्या ओळखीतल्या मराठी मुलींनाही उपयोगी पडू शकतो. नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय समान रोजगार संधी आयोगाने 2006 च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेतही अशा एकत्रित भेदभावाला वेगळी जागा दिली आहे.

याहून जुना आणि साधा मुद्दा असा की, कायदा संरक्षण देतो ते व्यक्तीला, गटाच्या सरासरीला नव्हे. 1971 च्या फिलिप्स खटल्यात कंपनीने शाळेत न जाणारी लहान मुले असलेल्या आईचा अर्ज घेतला नव्हता, तशा बापांचे मात्र घेत होती; त्या पदावर घेतलेल्यांपैकी 75 ते 80 टक्के स्त्रियाच होत्या, तरी सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव मानला नाही. 1982 च्या कनेटिकट विरुद्ध टील या खटल्यात राज्याने शेवटी कृष्णवर्णीयांना बढत्या भरपूर दिल्या होत्या, पण आधीची लेखी परीक्षाच गाळणी ठरत होती; शेवटचा हिशेब बरोबर आहे म्हणून मधली गाळणी माफ होत नाही, असा निकाल झाला. आणि आपण सावळे आहात याबद्दल एवढेच सांगते की, निर्णय घेणारा स्वतः अल्पसंख्य गटातला आहे म्हणून तो भेदभाव करणार नाही असे गृहीत धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा नोंदवले आहे. हा आपल्यावर ठपका नाही. आपल्या वर्णावरून या तक्रारीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, इकडचेही नाही आणि तिकडचेही नाही.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊ नये. घर रिकामे आहे एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. आपल्या विभागात पंचवीस माणसे असतील आणि त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया दोनच असतील, तर गेल्या चार बढत्यांत त्यांचे नाव नसणे हा योगायोगही असू शकतो. एवढ्या लहान संख्येवर कोणतेही संख्याशास्त्र उभे राहत नाही. हा पेच कृष्णवर्णीय स्त्रियांना न्यायालयात फार जाचला आहे. 1983 च्या मूर विरुद्ध ह्यूज हेलिकॉप्टर्स या खटल्यात टॉमी मूर यांनी आपल्या मूळ तक्रारीत स्वतःचा उल्लेख कृष्णवर्णीय स्त्री असा केला होता. न्यायालयाने तेवढ्यावरून त्यांना सर्व स्त्रियांच्या वतीने दावा चालवू दिला नाही, कारण गोऱ्या स्त्रियांचे प्रतिनिधित्व त्या नीट करतील याची खात्री नव्हती. उरल्या फक्त कृष्णवर्णीय स्त्रिया, आणि वरच्या पदांसाठी पात्र अशा त्या इतक्या थोड्या होत्या की आकडेवारी पांगळी झाली. डीग्राफनरीड खटल्यात दोन्ही कारणे एकत्र मांडू दिली नाहीत म्हणून दावा बुडाला. येथे दोन्ही एकत्र मांडली म्हणून हात बांधले गेले. गोरी स्त्री मात्र आपल्या वंशाचा उल्लेख न करता सर्व स्त्रियांच्या वतीने उभी राहू शकते आणि तिला कोणी विचारत नाही की बाई, तुम्ही कोणत्या स्त्रियांच्या वतीने बोलता.

म्हणून संख्या लहान असते तेव्हा मी संख्येमागे फार वेळ घालवत नाही. बढतीपर्यंतची वाट तपासते. ती वाट कोठून सुरू होते, मध्ये कोण उभे असते आणि पुढे जाण्याची परवानगी कागदावर मिळते की तोंडी, हे पाहते. एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असे तपशील गाळून. एका मोठ्या गोदामात पाळी-पर्यवेक्षकाची जागा भरायची होती आणि एका कृष्णवर्णीय स्त्रीची तक्रार आली. पर्यवेक्षकांत स्त्रिया होत्या, कृष्णवर्णीयही होते. व्यवस्थापक नेमके आपल्यासारखेच म्हणत होते. निकष एकच होता: सहा महिने हंगामी पाळी-प्रमुख म्हणून काम केलेले असावे. निकषात वावगे काही नव्हते. हंगामी प्रमुख मात्र कसे ठरत, तर सुटीवर जाणारा प्रमुख तोंडी नाव सांगत असे. तो नाव सांगे त्याच्या ओळखीतले: माल चढवण्याच्या धक्क्यावरचा कोणी पुरुष, किंवा वेळापत्रकाच्या खोलीतील कोणी बाई. धक्क्यावर बहुतेक कृष्णवर्णीय पुरुष होते आणि वेळापत्रकाच्या खोलीत गोऱ्या स्त्रिया. कृष्णवर्णीय स्त्रिया जवळजवळ सगळ्या परत आलेल्या मालाच्या विभागात होत्या, इमारतीच्या मागच्या अंगाला. आणि त्या विभागातून आजवर कोणाला हंगामी प्रमुख केलेले नव्हते. कोणी कोणाला अपशब्द बोलले नव्हते. ज्याने त्याने आपल्या नजरेसमोरचे नाव सांगितले होते. पण कोणत्या विभागात कोणाला नेमायचे, हे जेथे ठरत होते, त्या टेबलावर वंश आणि लिंग दोन्ही एकदमच बसलेले होते. मी अहवालात तेच लिहिले. पुढे कंपनीने हंगामी जागांची सूचना फलकावर लावून अर्ज मागवायला सुरुवात केली आणि तक्रारदार बाईंना पहिल्या फेरीत अर्ज करता आला.

आपल्या बाबतीत अशी वाट कोणती, ते मला माहीत नाही. बहुधा ती ग्राहकांच्या बैठका, मोठे प्रकल्प किंवा वरिष्ठांसमोरच्या सादरीकरणातून जात असेल. बढतीच्या टिपणात ग्राहकांचा अनुभव कमी असे लिहिले असेल, तर ग्राहकांकडे कोणाला पाठवायचे ते कोण ठरवत होते, हा पुढचा प्रश्न. नेतृत्वाची संधी घेतली नाही असे लिहिले असेल, तर ती देऊ केल्याचा ईमेल दाखवा, असे मी म्हणेन.

वार्षिक मूल्यांकनाचे कागदही मी चार घरांत मांडून वाचते. एकाच वागणुकीला कोणते विशेषण मिळाले आहे, ते पाहण्यासारखे असते. बैठकीत मुदतीवर हरकत घेणाऱ्या गोऱ्या स्त्रीच्या कागदावर स्पष्टवक्ती, कृष्णवर्णीय पुरुषाच्या कागदावर ठाम, आणि कृष्णवर्णीय स्त्रीच्या कागदावर बोलण्याचा सूर सांभाळावा, असे मी वाचलेले आहे. रागीट कृष्णवर्णीय बाई हा अमेरिकेतला जुना, रुळलेला साचा आहे. तो गोऱ्या बाईंना लागत नाही, आणि कृष्णवर्णीय पुरुषाबद्दलचा साचा वेगळा आहे, त्यात राग नव्हे तर धोका पाहिला जातो. म्हणून वंशाचा साचा अधिक स्त्रीचा साचा अशी बेरीज करून तो मिळत नाही. केसांचेही तसेच. 1981 मध्ये एका विमान कंपनीतील कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीने बारीक वेण्यांवरील बंदीला आव्हान दिले, तेव्हा न्यायालयाने, वेण्या ही काही जन्मजात गोष्ट नाही आणि नियम सर्वांना सारखाच आहे, असे म्हणून दावा फेटाळला. तो नियम प्रत्यक्षात कोणाच्या डोक्याला जाचत होता, हे वेगळे सांगायला नको. पुढे कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केसांच्या ठेवणीवरून होणारा भेदभाव वंशभेदात धरणारा कायदा प्रथम केला आणि त्याच वर्षी न्यू यॉर्क व न्यू जर्सी यांनीही केला. आपल्या टिपणांत व्यावसायिक दिसणे असा शब्दप्रयोग कोठे असेल, तर त्याचा अर्थ लिहिणाऱ्याला विचारून घ्यावा.

इथवरचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा: आपली यादी तक्रारीचे उत्तर नाही, ती चौकशीची सुरुवात आहे. चौकशीनंतर तक्रार टिकणार नाही असेही होऊ शकते. निवड झालेल्या व्यक्तीचे काम खरोखर सरस असेल, निकष आधीपासून लिहिलेले असतील आणि ते सर्वांना सारखे लावले गेले असतील, तर मी तसे अहवालात लिहिते आणि तक्रारदाराला समोर बसवून कारणेही सांगते.

आता दुसरा प्रश्न. वंशाच्या मुद्द्याने स्त्रियांची एकजूट फुटते का? अमेरिकेतला इतिहास पाहता, वंशाचा मुद्दा बोलून दाखवणाऱ्यांनी एकजूट फोडली असे मला दिसत नाही. ती आधीच फुटलेली होती आणि त्यांनी ते बोलून दाखवले. 3 मार्च 1913 रोजी वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी स्त्रियांचा मोठा मोर्चा निघाला, तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्या स्त्रिया नाराज होऊ नयेत म्हणून कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे असे सांगण्यात आले. शिकागोच्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते मानले नाही आणि मोर्चा चालू असताना त्या इलिनॉयच्या तुकडीत मध्येच येऊन सामील झाल्या. 1920 च्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला असे आपण शिकतो. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना तो प्रत्यक्षात वापरता येऊ लागला तो 1965 च्या मतदान हक्क कायद्यानंतर.

उलट बाजूने पाहिले तर, आज अमेरिकेतील सर्व स्त्रिया ज्या कायद्यावर उभ्या आहेत, त्यात कृष्णवर्णीय स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. 1964 च्या विधेयकात लिंग हा शब्द व्हर्जिनियाचे प्रतिनिधी हॉवर्ड स्मिथ यांनी प्रतिनिधिगृहात दुरुस्ती सुचवून घातला. स्मिथ नागरी हक्कांचे विरोधक होते आणि त्यांच्या हेतूबद्दल अजून वाद चालतो. तो शब्द सेनेटमध्ये गळू नये म्हणून पॉली मरी या कृष्णवर्णीय वकिलाने एक निवेदन लिहिले. त्यातला युक्तिवाद होता की, लिंग हा शब्द काढला तर हे विधेयक कृष्णवर्णीय समाजाच्या अर्ध्या भागालाच, म्हणजे पुरुषांनाच, संरक्षण देईल. शब्द टिकला, आणि त्याचा लाभ पुढे कोट्यवधी गोऱ्या स्त्रियांना झाला. कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ हा लिंगभेदच आहे, हे न्यायालयांकडून मान्य करून घेणाऱ्या सुरुवातीच्या खटल्यांत डायान विल्यम्स, पॉलेट बार्न्स आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेल्या मिशेल व्हिन्सन, या तिघीही कृष्णवर्णीय होत्या. हा योगायोग नसावा असे मला वाटते. मालकाने किंवा वरिष्ठाने अंगाला हात लावणे ही खाजगी बाब नसून कामाच्या अटींचाच भाग असते, हे ज्यांच्या आज्या-पणज्या गुलामगिरीत आणि परक्या घरच्या मोलकरणीच्या कामात राबल्या, त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

बोस्टनमधील कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या एका गटाने 1977 मध्ये आपले निवेदन काढले, तेव्हाही त्यांनी आम्ही वेगळ्या निघतो असे म्हटले नाही. गटाचे नाव त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील कोंबाही नदीवरून घेतले होते. 1863 मध्ये हॅरिएट टबमन यांनी त्या नदीवरील लष्करी मोहिमेला वाट दाखवून सातशेहून अधिक गुलामांची सुटका घडवली होती. या गटाचे म्हणणे होते की वंश, लिंग, वर्ग आणि लैंगिकता यांवरची जुलमाची यंत्रणा एकमेकींत गुंतलेली आहे आणि म्हणून लढाही एकेकट्या कारणाचा असू शकत नाही. आपल्या वंशातील पुरुषांपासून फटकून राहण्याचा मार्ग त्यांनी स्पष्टपणे नाकारला होता, ही गोष्ट त्यांच्यावर टीका करणारे सहसा सांगत नाहीत.

आपण मराठी आहात, म्हणून एक शेजारचा संदर्भ देते. जात म्हणजे वंश नव्हे, हे आधीच नमूद करून. 1990 च्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या, तेव्हा महाराष्ट्रातही नेमका आपलाच प्रश्न विचारला गेला होता: स्त्री चळवळीत ही वेगळी चूल कशाला? गोपाळ गुरू यांनी 1995 मध्ये आणि पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये त्यावर केलेली मांडणी आपण मिळवून वाचावी. दलित पुरुषांच्या आणि सवर्ण स्त्रियांच्या, अशा दोन्ही चळवळींत या स्त्रियांचा अनुभव धरलाच गेला नव्हता, हा त्या वादाचा गाभा होता. कायद्यातली अडचणही तशीच आहे. पतन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश या 2021 च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका अंध दलित स्त्रीवरील बलात्काराच्या प्रकरणी जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येऊन काय घडते याची सविस्तर चर्चा केली, बलात्काराची शिक्षा कायम ठेवली. परंतु गुन्हा तिच्या जातीच्या कारणावरून घडला असा पुरावा नाही म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील दोषसिद्धी रद्द केली. जुन्या कलमात तसे कारण सिद्ध करणे आवश्यक होते; 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडितेची जात आरोपीला ठाऊक असणे पुरेसे ठरवले. कारणे सुटी करून दाखवा ही मागणी किती अवघड असते, ते सेंट लुइसइतकेच तेथेही दिसते.

आता आपण प्रत्यक्षात काय करावे. पहिली गोष्ट, चौकशी स्वतः करू नका. निर्णय आपला होता, तेव्हा तपासणारा दुसरा हवा. दुसरी, तक्रारदार बाईंना वंश की लिंग यांपैकी एक निवडायला सांगू नका, आणि मनुष्यबळ विभागाच्या फॉर्मवर एकच चौकट भरण्याची सोय असेल तर त्या दोन्ही भरू द्या व शेजारी त्यांच्या शब्दांत लिहू द्या. हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. वंशभेदाचा दावा 1866 च्या जुन्या कायद्याखालीही करता येतो आणि त्यात नुकसानभरपाईला कमाल मर्यादा नाही. लिंगभेदाचा करता येत नाही, आणि 1964 च्या कायद्यातील भरपाईला कंपनीच्या आकारानुसार 50,000 ते 3,00,000 डॉलरची मर्यादा आहे. तक्रार कोणत्या खात्यात टाकली यावर पुढे बरेच काही ठरते, म्हणून ती आपण आपल्या सोयीने टाकू नये. तिसरी, त्यांच्याशी आता वागण्यात काही फरक पडू देऊ नका. बैठकांतून वगळणे, पाळी बदलणे, अचानक कडक मूल्यांकन करणे, यांतून सूडाची वेगळी तक्रार उभी राहते आणि मूळ तक्रार फसली तरी ती टिकू शकते. आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत सूडाच्या तक्रारी सर्वाधिक असतात.

बढतीची सगळी टिपणे, मुलाखतीचे गुणपत्रक, ईमेल आणि चॅट आजच सुरक्षित ठेवायला सांगा, गुणपत्रकावर पेन्सिलीने केलेल्या खाडाखोडीसह. आणि एक बाब कंपनीच्या वकिलाशी बोलून तक्रारदाराला कळवण्याची व्यवस्था करा: अंतर्गत चौकशी चालू असली म्हणून आयोगाकडे जाण्याची मुदत थांबत नाही. ती राज्यानुसार 180 किंवा 300 दिवसांची असते आणि बढती नाकारल्याचे कळले त्या दिवसापासून मोजली जाते. आपण ती तारीख दिलेली नाही. मला उत्तर लिहिणार असाल, तर ती तारीख आणि आपले राज्य एवढे आधी कळवा. त्याशिवाय यापुढचे काही नेमके सांगता येणार नाही.